सियुदाद दे मुर्सिया (फुटबॉल क्लब)

सियुदाद दे मुर्सिया : स्पेनच्या आग्नेय भागातील मुर्सिया शहरातला, आता अस्तित्वात नसलेला व्यावसायिक फुटबॉल क्लब. स्थापना १९९९. प्रादेशिक साखळीतून सुरुवात करून चार हंगामांत तो देशाच्या दुसऱ्या श्रेणीत पोहोचला आणि तिथे चार हंगाम खेळला. त्यांतल्या शेवटच्या दोन्ही हंगामांत त्याचा क्रमांक चौथा आला. वरच्या श्रेणीत पहिले तीनच संघ जात असत. २००७च्या उन्हाळ्यात क्लबची कंपनी ग्रानादाच्या एका गुंतवणूकदाराने विकत घेतली, तिचे नाव आणि गाव बदलले, आणि मुर्सियातला हा संघ संपला. स्पॅनिश फुटबॉलमध्ये हे नाव आज निघते ते खेळापेक्षा या विक्रीमुळे.

शहर आणि थोरला क्लब

मुर्सिया हे सेगुरा नदीकाठचे, सव्वाचार लाखांवर वस्तीचे शहर. भोवती पाटाच्या पाण्यावरच्या बागा, लिंबू-संत्री आणि लाल मिरचीची भुकटी ही इथली ओळख. शहराचा जुना क्लब रेआल मुर्सिया याच्या लाल कपड्यांतल्या खेळाडूंना ‘पिमेंतोनेरो’ म्हणतात ते या भुकटीवरूनच. दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद सर्वाधिक, म्हणजे ८ वेळा, पटकावण्याचा विक्रम रेआल मुर्सियाच्या नावावर आहे. हा विक्रम मिरवावा की लपवावा हा प्रश्नच आहे, कारण दुसरी श्रेणी पुन्हा पुन्हा जिंकायची तर पहिल्या श्रेणीतून पुन्हा पुन्हा खाली यावे लागते. शहराची माया, शिव्या आणि वर्गणी हे सारे या क्लबाच्या वाट्याला जाई. १९९९मध्ये रेआल मुर्सिया तिसऱ्या पातळीवर चाचपडत होता. नव्या क्लबाला शहरात थोडी जागा होती, असे म्हणता येईल ते याच अर्थाने.

ही जागा हेरली एनरिके ऊर्फ किके पिना या मुर्सियाच्याच माजी फुटबॉलपटूने. क्लब त्याने उभा केला आणि अखेरपर्यंत चालवलाही त्यानेच. संघ रेआल मुर्सियाच्याच ला कोंदोमिना या मैदानावर खेळू लागला. १९२४च्या नाताळात सुरू झालेले हे मैदान शहराच्या मध्यवस्तीत आहे. थोरल्याच्या घरात धाकट्याने भाड्याने राहावे, तसा हा संसार होता. फरक इतकाच की या दोघांत नाते कुठलेच नव्हते. सियुदाद हा रेआल मुर्सियाचा राखीव संघ नव्हता किंवा त्यातून फुटून निघालेला गटही नव्हता.

चार वर्षांत तीन बढत्या

त्या काळी स्पॅनिश फुटबॉलची उतरंड अशी होती : सर्वांत वर प्रिमेरा, २० संघ, खाली सेगुंदा, २२ संघ, त्याखाली सेगुंदा बे, प्रत्येकी २० संघांचे चार गट, मग प्रदेशवार गटांची तेर्सेरा, आणि तिच्याखाली प्रादेशिक महासंघांच्या साखळ्या. वरच्या दोन श्रेणी व्यावसायिक. त्याखालचे फुटबॉल कागदोपत्री हौशी, पण सेगुंदा बेमध्ये पगारी खेळाडू सर्रास असत आणि क्लब कर्जात बुडत ते बहुधा तिथेच. या पायरीवर दूरचित्रवाणीचे पैसे जवळजवळ नसतात, प्रवास आणि पगार मात्र चुकत नाहीत.

सियुदादने प्रादेशिक साखळीतून २०००मध्ये तेर्सेरा गाठली, २००१मध्ये सेगुंदा बे, आणि दोन हंगामांनी २००३मध्ये सेगुंदा. यातली शेवटची पायरी सर्वांत अवघड. ८० संघांतून प्रत्येक गटातले पहिले चार असे १६ संघ बढतीच्या साखळीत उतरत, आणि त्यांतून फक्त चार वर जात. त्या वर्षी कादिझ, आल्हेसिरास आणि मालागाचा राखीव संघ यांच्यासोबत सियुदादने ही चाळणी पार केली. नेमक्या त्याच उन्हाळ्यात रेआल मुर्सियाही सेगुंदा जिंकून प्रिमेरात गेला. शहराने उत्सव केला तो अर्थातच थोरल्याचा.

सेगुंदातल्या पहिल्या हंगामात प्रशिक्षकाची सूत्रे काही काळ हुआन मानुएल लिल्यो याच्याकडे होती. लिल्यो हा विचारांसाठी वाखाणला जाणारा आणि निकालांसाठी काढून टाकला जाणारा प्रशिक्षक. पुढे पेप ग्वार्दिओलाचा सहायक म्हणून तो मँचेस्टर सिटीत गेला. इथेही त्याचा मुक्काम थोडकाच ठरला, पण संघ श्रेणीत टिकला. त्याला तारणाऱ्यांत प्रमुख होता हेरेझचा आघाडीवीर दानी गुइझा. बार्सिलोनाच्या राखीव संघातून आलेला हा खेळाडू मुर्सियात नावारूपाला आला, २००५मध्ये हेताफेमार्फत प्रिमेरात गेला, मायोर्काकडून २००७-०८च्या हंगामात २७ गोल करून स्पॅनिश लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि त्याच उन्हाळ्यात युरो जिंकणाऱ्या स्पेनच्या संघात खेळला. तोवर त्याला घडवणारा क्लब मुर्सियात उरला नव्हता.

खेळाडू स्वस्तात किंवा उसना आणायचा, त्याला सतत खेळवायचे आणि मोल वाढले की वर पाठवायचा, ही क्लबची रीत होती. इटलीतल्या उदिनेझे या क्लबाकडून उसना घेतलेला हेनोक गोइतोम हा स्वीडनचा आघाडीवीरही असाच २००६-०७मध्ये इथे गोल करून गेला. पुढच्या वर्षी तो शहर न बदलता रेआल मुर्सियात दाखल झाला. क्लब हुशारीने चालवला जात होता हे मान्य करावे लागते. प्रेक्षकांच्या तिकिटांवर तो जगत नव्हता, आणि तितके प्रेक्षक त्याला मिळतही नव्हते.

दोनदा चौथा

२००५-०६मध्ये, गोलरक्षक म्हणून आतलेतिको माद्रिदमध्ये गाजलेला आबेल रेसिनो प्रशिक्षक असताना, सियुदाद चौथा आला. रेक्रेआतिवो, नास्तिक आणि लेवान्ते वर गेले. पुढच्या हंगामात बायादोलिद पहिला, आल्मेरिया दुसरा, आणि तिसऱ्या-चौथ्या क्रमांकांवर एकाच शहरातले दोन संघ : रेआल मुर्सिया आणि सियुदाद दे मुर्सिया. दुसऱ्या श्रेणीच्या गुणतालिकेत एका मध्यम आकाराच्या शहराचे दोन संघ असे खेटून उभे असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. आजच्यासारखी तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकांची बढतीसाठीची बाद फेरी त्या वेळी नव्हती. असती तर सियुदादला दोन्ही वेळा आणखी एक दार उघडे असते. तशी फेरी २०१०-११च्या हंगामापासून आली.

रेआल मुर्सियाने २००६मध्ये शहराबाहेरच्या नुएवा कोंदोमिना या सुमारे ३१ हजार आसनांच्या मैदानात बस्तान हलवले होते. तिथला पहिला सामना स्पेन-अर्जेंटिना हा मैत्रीचा सामना होता, स्पेनने तो २-१ असा जिंकला. जुन्या कोंदोमिनात मग सियुदाद एकटाच राहिला. पण २००७च्या जूनमध्ये थोरला प्रिमेरात परतला तेव्हा सियुदादच्या मालकापुढचे गणित सोपे झाले असावे. पहिल्या श्रेणीचा क्लब शेजारी असताना दुसऱ्या श्रेणीच्या सामन्यांना कोण येणार? चौथ्या क्रमांकाच्या संघाची बाजारात किंमत मात्र भरपूर होती.

विक्री

विक्री कशी शक्य झाली हे समजायला १९९०चा स्पॅनिश क्रीडा कायदा पाहावा लागतो. कर्जबाजारी क्लबांना जबाबदार मालक मिळावा म्हणून या कायद्याने व्यावसायिक क्लबांना ‘सोसिएदाद आनोनिमा देपोर्तिवा’, म्हणजे भागभांडवल असलेली क्रीडा कंपनी, बनायला भाग पाडले. रेआल माद्रिद, बार्सिलोना, आथलेतिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चार क्लब तेवढे सभासदांच्या मालकीचे राहिले. लीगमधली जागा या कंपनीची. कंपनीचे समभाग विकता येतात. विकत घेणारा कंपनीचे नाव बदलू शकतो, नोंदणीचे ठिकाणही बदलू शकतो. एकेक पायरी कायदेशीर; सगळ्या चढून गेल्यावर मात्र एका शहराने मैदानावर कमावलेली जागा दुसऱ्या शहरात पोहोचलेली असते.

२००७च्या उन्हाळ्यात कार्लोस मार्सा या ग्रानादाच्या उद्योजकाने समभाग घेतले. मुर्सियापासून ग्रानादा रस्त्याने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि प्रांतही वेगळा, आंदालुसियाचा. ग्रानादा ७४ या नावाचा छोटा क्लब तिथे आधीपासून होता. त्याचे नाव या कंपनीला चिकटवण्यात आले आणि खालच्या पातळीवरचे ते नाव रातोरात सेगुंदात दिसू लागले. स्पॅनिश महासंघाने विरोध केला, फिफा आणि युएफानेही. प्रकरण लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेले, पण हंगाम सुरू झाला तेव्हा ग्रानादा ७४ खेळत होता.

खेळत होता, पण ग्रानादात नव्हे. शहराचा खरा क्लब, १९३१पासूनचा ग्रानादा सेएफे, तेव्हा सेगुंदा बेमध्ये होता. त्याच्या पाठीराख्यांना हा विकतचा शेजारी डोळ्यांसमोर नको होता. म्हणून संघ समुद्रकाठच्या मोत्रिल गावात, तिथल्या नगरपालिकेच्या एस्क्रिबानो कास्तिया मैदानावर सामने भरवू लागला. मुर्सियाकडून जागा, ग्रानादाचे नाव, मोत्रिलचे मैदान, आणि तिन्हीकडे आपला म्हणणारे कुणी नाही. २००८मध्ये संघ सेगुंदातून घसरला, २००९मध्ये सेगुंदा बेमधूनही, आणि बंद झाला. आठ वर्षांत चढलेली वाट दोन वर्षांत उतरून झाली होती.

फिफाने मे २००८मधल्या सिडनी काँग्रेसमध्ये आपल्या घटनेत एक कलम घातले. लीगमधला सहभाग मुख्यतः मैदानावरच्या निकालांवर ठरला पाहिजे; स्पर्धेच्या सचोटीला बाध आणून पात्रता मिळवण्यासाठी मुख्यालय बदलणे, नाव बदलणे किंवा क्लबांमध्ये भागभांडवल फिरवणे याला मनाई, असा त्याचा आशय. त्यामागे ग्रानादाचे हे प्रकरण होते. एखाद्या दुसऱ्या श्रेणीच्या संघाने जागतिक नियमावलीत उमटवलेला ठसा म्हणून तो कमी नाही, जरी तो उमटवण्याची इच्छा कुणाचीच नसली तरी.

मुर्सियाच्या प्रदेशापुरते बोलायचे तर हे प्रकरण आकाशातून पडलेले नव्हते. जागांची देवघेव इथे अंगवळणी पडली होती. शेजारच्या कार्ताहेनाचा आजचा क्लब १९९५मध्ये बाल्सिकास या छोट्या क्लबाच्या जागेवर उभा राहिला. २०१०मध्ये सांगोनेराच्या संघाची जागा लोर्काला गेली. सियुदादच्या मागे लोर्की या गावात उभा राहिलेला आतलेतिको सियुदाद सेगुंदा बेपर्यंत पोहोचून २०१०मध्ये संपला. नव्या क्लबाला तळापासून चढायला लागणारी वर्षे कुणाला नको असतात. सियुदादने निदान ती चढण खेळून पार केली होती, आणि म्हणूनच त्याची विक्री अधिक टोचते.

पुढे

किके पिना २००९मध्ये स्वतःच ग्रानादात आला. कर्जात रुतलेल्या ग्रानादा सेएफेची सूत्रे त्याने उदिनेझेच्या मालक पोझो कुटुंबाच्या पाठबळावर हाती घेतली. उदिनेझेचे खेळाडू उसने आणण्याची मुर्सियात चालवलेली रीत इथे मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. लागोपाठ दोन बढत्या मिळवून क्लब २०११मध्ये, ३५ वर्षांनी, प्रिमेरात परतला. ज्या शहराला पिनाच्या क्लबाची जागा विकली गेली, त्याच शहराला त्याने पहिल्या श्रेणीत नेले, आणि तेही विकत न घेता.

जुन्या कोंदोमिनात नंतर कॅथलिक विद्यापीठाचा उकाम मुर्सिया हा संघ आला. २०१६-१७चा हंगाम तो सेगुंदात खेळला.

सियुदादच्या उरल्यासुरल्या पाठीराख्यांनी २०१०मध्ये कॅप सियुदाद दे मुर्सिया हा क्लब काढला. नावातला ‘कॅप’ म्हणजे लोकांच्या भागभांडवलावरचा क्लब. लंडनच्या विम्बल्डन या फुटबॉल क्लबाचे मिल्टन कीन्स या शहराला स्थलांतर ठरले तेव्हा तिथल्या पाठीराख्यांनी २००२मध्ये नवा क्लब उभारला होता. त्याच धर्तीचा हा प्रयत्न, फक्त आकाराने कितीतरी लहान. मालकी सभासदांची आणि मैदान शहरातलेच होसे बार्नेस. कायद्याच्या दृष्टीने जुन्या क्लबाचा हा वारस नाही आणि सेगुंदातले दोन चौथे क्रमांक त्याच्या खात्यावर मोजले जात नाहीत. त्याची सुरुवात प्रादेशिक फुटबॉलच्या तळाच्या श्रेणीतून झाली, १९९९च्या संघाने सुरुवात केली होती त्याहूनही खालून.