गेरूची रेघ आणि नकाशावरची रेघ

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत मध्येच तांबडी रेघ दिसते. तिच्यावर नख ओढलं की विटेसारखी भुकटी बोटाला लागते. वरचा काळा पाषाण हातोडीखाली खणखणतो. खालचा खडक भोकाभोकांचा, आणि त्या भोकांत पांढरी स्फटिकं भरलेली. विहिरी खोदणारे वरच्याला काळा पाषाण म्हणतात, खालच्याला मांजऱ्या आणि मधल्या तांबड्या पट्ट्याला गेरू.

याच डोंगराच्या भूवैज्ञानिक नकाशावर पोलादपूर आणि आंबेनळी या दोन शैलसमूहांमधून, म्हणजे लाव्हाच्या थरांच्या दोन मोठ्या गटांमधून, एक रेघ जाते. घाटात गेरू पाहिलेल्याला वाटतं, हीच ती रेघ. बहुतेक वेळा ती नसते, आणि हा घोळ नकाशा वाचणाऱ्यांइतकाच नव्याने नकाशा काढणाऱ्यांचाही होतो.

गेरू दाखवतो ती दोन लाव्हा प्रवाहांमधली सीमा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एक प्रवाह येऊन थिजला. त्यातले वायूचे बुडबुडे वर चढून माथ्याशी अडकले. ती भोकं पुढे झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्‌झ या खनिजांनी भरली. माथा उघडा राहिला तिथे त्याची झीज होऊन माती झाली, आणि पुढच्या प्रवाहाने ती भाजून काढली. दोन प्रवाहांमध्ये फारसा काळ गेला नसेल तर गेरू नसतोच. मांजऱ्यावर थेट काळा पाषाण बसलेला असतो. म्हणून गेरू नाही म्हणजे सीमा नाही, असं धरून चालू नये.

शैलसमूह ही त्याहून फार मोठी गोष्ट. एकसारखी रासायनिक घडण असलेले, एकावर एक आलेले कित्येक प्रवाह मिळून एक शैलसमूह होतो. कॉक्स आणि हॉक्सवर्थ या भूवैज्ञानिकांनी 1985 मध्ये महाबळेश्वरच्या खडकांची अशी मांडणी प्रसिद्ध केली. वर येताना शिलारसाने खंडीय कवचाचा किती अंश उचलला, यावर त्यातलं बेरियमचं प्रमाण आणि स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) आपसातलं प्रमाण बदलतं. पोलादपूरच्या प्रवाहांत ही भेसळ बरीच आहे, आंबेनळीच्या प्रवाहांत फारच थोडी. आंबेनळी शैलसमूह सुमारे 500 मीटर जाड आहे. त्याच्या पोटात प्रवाहांच्या सीमा अनेक, पण त्याची स्वतःची सीमा एक तळाशी आणि एक माथ्याशी.

शैलसमूहाची सीमा नेहमी कुठल्यातरी दोन प्रवाहांच्या मधूनच जाते, कारण एका प्रवाहाचे दोन तुकडे करून ते दोन शैलसमूहांत घालता येत नाहीत. उलट, प्रवाहांच्या शेकडो सीमांपैकी मोजक्याच शैलसमूहांच्या सीमा ठरतात. नेमक्या कोणत्या, हे घाटात उभं राहून डोळ्यांना कळत नाही. प्रत्येक प्रवाहाच्या आतला ताजा, न कुजलेला तुकडा प्रयोगशाळेत न्यावा लागतो.

मग ती रेघ डोंगरभर ओढायची कशी? पायी चालून गेरूचा माग काढण्याचा मोह होतो, पण गेरू एका सोंडेवर ठळक दिसतो आणि पुढच्या सोंडेवर बारीक होत संपतो. पाहोएहोए प्रकारच्या, म्हणजे पातळ आणि गुळगुळीत सालीच्या लाव्हात तर आणखी फसगत होते. एकाच प्रवाहात उशांसारखे लहान लहान लोळ एकमेकांवर चढलेले असतात आणि प्रत्येकाला स्वतःची भोकाळ कड असते. ती प्रवाहाची सीमा समजून मोजली की एका प्रवाहाचे दहा होतात.

म्हणून वेगवेगळ्या घाटांत खालपासून वरपर्यंत नमुने घेतात, प्रत्येकाची उंची टिपतात आणि सीमा कोणत्या उंचीवर सापडली ते टोपोशीटवर, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर, मांडतात. मधला भाग जोडायचा तो समोच्च रेषांच्या आधाराने. थर जवळजवळ आडवे असल्याने रेघ डोंगराच्या घड्यांमधून समोच्च रेषेसारखीच आतबाहेर वळत जाते. इथेच हात सैल सोडायचा नाही. सह्याद्रीच्या या भागात थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. कल अर्धा अंश धरला तरी किलोमीटरमागे सुमारे 9 मीटर उतार पडतो. 1:50,000 च्या टोपोशीटवर समोच्च रेषा 20-20 मीटरवर असतील, तर दक्षिणेकडे अडीच किलोमीटरही न जाता आपली रेघ एक समोच्च रेषा ओलांडून खाली यायला हवी. एकाच समोच्च रेषेला चिकटून ओढलेली सीमा दिसते सुबक, पण 40 किलोमीटरवर ती साडेतीनशे मीटर चुकलेली असते.

आणखी एक गुंता आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने शैलसमूह पाडले ते रासायनिक घडणीवरून नव्हे, तर प्रवाहांच्या प्रत्यक्ष दिसणाऱ्या लक्षणांवरून. साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड ही नावं त्या मांडणीतली. त्यामुळे एकाच डोंगराच्या दोन नकाशांवर रेघा वेगळ्या उंचीवर दिसल्या, तर एक नकाशा चुकला असं लगेच म्हणू नये. महाबळेश्वर हे नाव तर दोन्ही मांडण्यांत आहे. तेव्हा आधी नकाशाच्या सूचीत पाहावं की शैलसमूह कशावरून पाडले आहेत.

मग रेघेकडे नीट बघावं. सलग असेल तर सीमा जागेवर पाहिलेली आहे. तुटक असेल तर अंदाजाने जोडलेली, आणि ठिपक्यांची असेल तर ती माती-दरडीखाली झाकलेली आहे.