‘सस्टेनेबल’ टॅग नाशिकच्या दुकानात कसा आला

नाशिकला कॉलेज रोडवर किंवा हायवेलगतच्या मॉलमध्ये चारशे-पाचशेचा टी-शर्ट उचलला, तर बऱ्याचदा त्याला दोन टॅग दिसतात. एकावर किंमत. दुसरा खाकी जाडसर कागदाचा, त्यावर हिरवं पान किंवा कापसाचं बोंड आणि ‘सस्टेनेबल’, ‘रिस्पॉन्सिबल’ असा एखादा शब्द. हा दुसरा टॅग कुठून आला, त्याची ही पार्श्वभूमी.

जुना कपडा वाया न घालवणं इथे नवीन नाही. बोहारीण जुन्या साड्यांवर पातेलं द्यायची, मऊ झालेल्या लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणं. ही सगळी साखळी सुती कापडावर उभी होती. पॉलिएस्टरची कुर्ती गोधडीत ऊब देत नाही आणि फरशीवरचं पाणीही टिपत नाही. स्वस्त कपड्यात पॉलिएस्टर वाढलं, तशी घरातली ही सोय आपोआप मोडत गेली.

कापडाच्या स्वस्ताईचं मूळ आपल्याच जिल्ह्यात सापडतं. १८५७ नंतर उत्तरेतून आलेले विणकर मालेगावात स्थिरावले. आधी हातमाग, मग यंत्रमाग. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे वळायचा वेग वाढला. १९८५ च्या कापड धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांच्यातला सरकारी भेद काढून टाकला. गिरणीतल्या कामगाराला पगार, फंड, रजा होती. यंत्रमागावर मजुरी विणलेल्या मीटरवर. इथला कामगार एका वेळी अनेक माग सांभाळतो. कांडी, म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी, संपली की माग थांबतो. धोट्यात (आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नावेत) नवी कांडी घालायची, तुटलेला धागा गाठायचा, माग पुन्हा सुरू करायचा. थांबलेल्या वेळाचे पैसे नाहीत. वीज गेली तरी नाहीत.

पुढचा टप्पा पटापट घडला. देशादेशांमधल्या कापड निर्यातीचा कोटा १ जानेवारी २००५ ला संपला आणि मोठे खरेदीदार जिथे शिलाई स्वस्त तिथे मोकळेपणाने जाऊ लागले. २००६ मध्ये आपल्याकडे एकाच ब्रँडच्या दुकानांत ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी मिळाली, २०१२ मध्ये अटींसह १०० टक्के. देशी साखळी दुकानंही त्याच वाटेने वाढली आणि मेट्रो शहरांनंतर नाशिकसारख्या शहरांत आली.

२४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. ११०० हून अधिक माणसं गेली, त्यातले बहुतेक शिलाई कामगार. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. शिलाईवाल्यांना मात्र कामावर बोलावलं. यानंतर युरोपातल्या ग्राहकांनी ‘हा शर्ट कुणी शिवला’ असं विचारायला सुरुवात केली आणि ब्रँडांना काहीतरी उत्तर छापणं भाग पडलं. खरं तर प्रश्न माणसांचा होता. टॅगवर आलेलं उत्तर बहुतांशी कापसाचं होतं.

त्या कापसाच्या उत्तरातच खरा गुंता आहे. तो आहे ‘मास बॅलन्स’ या शब्दाचा, आणि ग्राहकाला तो कुणीच नीट समजावून सांगत नाही.

कमी पाणी, कमी औषधं आणि बऱ्या मजुरीने पिकवलेल्या कापसासाठी एक जागतिक उपक्रम सुरू झाला; २०१० च्या सुमारास तो भारतात आला. त्यात बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या बियाण्याला मनाई नाही, म्हणून तो ऑर्गॅनिक नव्हे. हा कापूस शेतापासून जिनिंगपर्यंत, म्हणजे सरकी वेगळी काढेपर्यंत, वेगळा ठेवायचा. जिनिंगनंतर मात्र सूतगिरणी तो दुसऱ्या कापसात मिसळू शकते. हिशेब फक्त वजनाचा ठेवायचा. निफाड-सिन्नरच्या वाचकाला दूध संकलन केंद्रावरून हे लगेच कळेल. समजा, एका गावाने शंभर लिटर गीर गाईचं दूध दिलं आणि ते टँकरमध्ये बाकीच्या दुधात गेलं. पुढे डेअरीने शंभर लिटरच्या पिशव्यांवर गीर गाईचं चित्र छापलं. वहीतला आकडा बरोबर आहे. तुमच्या हातातल्या पिशवीत गीरचा थेंब आहे की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही.

या पद्धतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही. दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याचा कापूस सूत, कापड, रंगाई, शिलाई अशा प्रत्येक पायरीवर वेगळा ठेवायचा तर गोदामं वेगळी, मशीन दर वेळी साफ करायचं, कागद वेगळे. तो खर्च स्वस्त कपड्याला पेलत नाही, आणि मागणीच नसेल तर शेतकऱ्याचं प्रशिक्षण थांबतं. मला हा हिशेब पटतो. पण तो कंपनीच्या वार्षिक अहवालात असायला हवा होता. टॅग एका विशिष्ट शर्टाला लटकतो, आणि वाचणारी बाई त्या शर्टाबद्दलच वाचते. तिची इथे सरळ दिशाभूल झाली, असं माझं मत आहे. २०२३ च्या शेवटी या उपक्रमाने कापसाचा माग काढता येईल अशी वेगळी सोय सुरू केली. मास बॅलन्सही सोबत चालू राहिला.

ऑर्गॅनिकची गोष्ट आणखी कडू आहे. भारतातला ९० टक्क्यांहून अधिक कापूस बीटी आहे, तेव्हा साधं बियाणं मिळवणं हीच शेतकऱ्याची पहिली लढाई. तरी कागदावर ऑर्गॅनिक कापूस भरपूर निघत राहिला. २०२० मध्ये एका आंतरराष्ट्रीय प्रमाणन संस्थेने भारतातल्या तब्बल २०,००० टन ‘ऑर्गॅनिक’ कापसाची प्रमाणपत्रं बनावट असल्याचं जाहीर केलं. जे शेतकरी खरोखर मेहनत घेत होते, त्यांच्या मालावरही संशय आला.

२०२२ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने कपड्यांवरचे सरासरी आकड्यांवर बेतलेले पर्यावरणाचे दावे दिशाभूल करणारे ठरवले. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरोधी, म्हणजे पर्यावरणाच्या पोकळ दाव्यांविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं आली. नुसतं ‘सस्टेनेबल’ किंवा ‘इको-फ्रेंडली’ छापून भागत नाही. दाव्याचा आधार द्यावा लागतो, तो क्यूआर कोडमागे दिला तरी चालतो. पुढच्या वर्षी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर जीएसटी ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्यांवर १८ टक्के झाला. म्हणजे महाग पण टिकाऊ कपड्यावर कर जास्त, चार धुण्यांत विटणाऱ्यावर कमी.

राणा प्लाझानंतर अनेक ब्रँडांनी पुरवठादारांच्या याद्या जाहीर केल्या, आणि ते चांगलंच झालं. पण त्यांतली बहुतेक नावं शिलाई कारखान्यांची आहेत. विणाई आणि रंगाई क्वचितच दिसते. मालेगावचं कोरं, न रंगवलेलं कापड ट्रकमधून राजस्थानातल्या पाली-बालोतऱ्याला रंगायला जातं आणि तिथून पुढे कुठल्याही शहरात शिलाईला. शिलाईच्या कारखान्यात तपासनीस येतात, आग विझवायची नळकांडी मोजतात, बाहेर पडायचे दरवाजे बघतात. तागा विणणाऱ्या शेडपर्यंत कुणी येत नाही, आणि तिथे मजुरी अजून मीटरवरच आहे.