पार्श्वभूमी : गावच्या चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या सूचना

इंग्लंडमधल्या खेड्यात रविवारची उपासना संपत आली, की धर्मगुरू किंवा एखादा विश्वस्त हातात कागद घेऊन उभा राहतो आणि सूचना वाचतो. कोण आजारी आहे, कोणाचे दफन कोणत्या दिवशी आहे, कोणाचे लग्न ठरले आहे, छपराच्या दुरुस्तीसाठी किती रक्कम जमली आहे आणि चर्चच्या आवारातले गवत कापायला शनिवारी किती हात लागणार आहेत, हे सारे त्यात येते. नव्याने आलेल्या माणसाला हा भाग उपासनेला जोडलेली पुरवणी वाटण्याची शक्यता आहे. त्याचे मूळ मात्र पुष्कळ जुने आहे, आणि शतकानुशतके या सूचनांना कायद्याचे वजन होते. गावात जे घडले ते चर्चमध्ये सर्वांसमोर उच्चारले गेले, की ते गावाला कळले असे धरले जात असे आणि त्यानंतर ते नाकारण्याची सोय कोणाला राहत नसे.

ज्याला मराठी ख्रिस्ती समाजात धर्मग्राम म्हणतात, त्या पॅरिशचे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ परक्या मुलखात तात्पुरते राहणाऱ्यांची वस्ती असा होता. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींना स्वतःबद्दल तसेच वाटत असे. पुढे हाच शब्द पिढ्यानपिढ्या एका जागी रुजलेल्या गावाचे नाव व्हावा, हा भाषेच्या इतिहासातला मोठा विलक्षण प्रवास आहे. ख्रिस्ती धर्म आधी शहरांत वाढला. खेड्यांतली चर्चे बहुधा तिथल्या जमीनदारांनी आपल्या जमिनीवर बांधली, त्यांच्या निर्वाहासाठी शेतीच्या उत्पन्नाचा दहावा भाग म्हणजे दशांश लावून दिला गेला, आणि दशांश कोणत्या चर्चला द्यायचा हे ठरवण्यासाठी हद्दी आखाव्या लागल्या. बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडमध्ये या हद्दी बहुतेक पक्क्या झाल्या होत्या. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा आपल्या स्वतःच्या धर्मगुरूपाशी पापनिवेदन करावे असे ठरवले, आणि त्याच परिषदेने लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर पुकार करण्याचा नियम सर्वत्र लागू केला. पुकारीचा हेतू अगदी व्यावहारिक होता. वधूवरांपैकी कोणाचे आधीच लग्न झालेले असेल किंवा दोघांत वर्ज्य नाते असेल, तर ते ठाऊक असणारा माणूस त्याच गर्दीत बसलेला असणार, हे परिषदेने ओळखले होते.

गावाचा संसार चर्चमध्ये कसा बोलला जात असे, हे पाहायचे तर डेव्हन परगण्यातल्या मोअरबाथ या लहानशा गावाचे हिशेब वाचावेत. तेहतीसेक कुटुंबांच्या या गावात सर क्रिस्टोफर ट्रिकी हे १५२० ते १५७४ अशी चौपन्न वर्षे धर्मगुरू होते, आणि चर्चचे हिशेब त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. गावातल्या तरुणांचा एक निधी होता, अविवाहित मुलींचा दुसरा. काही निधींच्या नावे मेंढ्या असत आणि त्या वेगवेगळ्या घरी सांभाळायला दिलेल्या असत. कोणाकडची मेंढी मेली, कोणाकडच्या लोकरीचे किती आले, हा सगळा तपशील वर्षातून एकदा गावापुढे वाचला जाई. त्यामुळे हे हिशेब कानांनी ऐकण्यासाठी लिहिलेले आहेत, आणि आजही वाचताना त्यातून बोलणाऱ्या माणसाचा आवाज येतो. दफनविधीसाठी काळ्या रंगाची चांगली वस्त्रे घ्यावीत म्हणून ट्रिकी यांनी सुमारे वीस वर्षे पैसा साठवला. ती वस्त्रे आली १५४७च्या सुमारास, आणि धर्मसुधारणेच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चने रोमशी नाते तोडून जुने विधी बदलण्याच्या, लाटेत थोड्याच काळात त्यांचा वापरच थांबला. १५४९ साली नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध पश्चिमेकडे उठाव झाला, तेव्हा गावाने आपले पाच तरुण एक्सेटरबाहेरच्या बंडखोरांच्या छावणीत पाठवले आणि त्यांच्यासाठी झालेला खर्चही याच हिशेबात उतरला. मेंढीच्या लोकरीचा आणि बंडाचा हिशेब एकाच माणसाने, एकाच वहीत, एकाच गावाला वाचून दाखवावा, यात त्या काळच्या धर्मग्रामाचे सारे स्वरूप दिसते.

आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली काढलेल्या आदेशाने या बोललेल्या गावाला कागदावर आणले. प्रत्येक धर्मग्रामाने एक वही ठेवावी, तिच्यात दर आठवड्याचे विवाह, बाप्तिस्मे आणि दफने लिहावीत, वहीसाठी दोन कुलपांची पेटी करून घ्यावी, एक किल्ली धर्मगुरूकडे आणि दुसरी चर्चवॉर्डनांकडे, म्हणजे गावाने निवडलेल्या विश्वस्तांकडे असावी, अशी त्यात तरतूद होती. नोंद करायची ती रविवारी, वॉर्डनांच्या समक्ष. म्हणजे एकट्या धर्मगुरूला पेटी उघडता येत नसे आणि एकट्या गावालाही येत नसे. चुकार धर्मग्रामाला ३ शिलिंग ४ पेन्स दंड होता आणि तो त्याच चर्चच्या दुरुस्तीसाठी वापरायचा होता. हा बाप्तिस्म्यावर आणि दफनावर कर बसवण्याचा डाव आहे, असे लोकांना वाटले. ती भीती तेव्हा खरी ठरली नाही, पण १७८३ साली सरकारने खरोखरच प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसवला. निर्धनांना त्यातून सूट होती आणि १७९४मध्ये तो कर रद्दही झाला. मधल्या काळात, १५९८च्या सुमारास, कागदी वह्यांवरच्या नोंदी टिकाऊ चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा हुकूम निघाला. त्यात एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या नोंदींवर विशेष भर असल्यामुळे कित्येक गावांच्या उपलब्ध नोंदी १५५८पासूनच सुरू होतात, आणि त्याआधीची वीस वर्षे अनेक ठिकाणी कायमची गेली.

रोमशी नाते टिकवलेल्या देशांतही पाव शतकात हेच घडले. ट्रेंटच्या परिषदेने नोव्हेंबर १५६३मध्ये लग्नाआधी तीन वेळा पुकार, धर्मगुरू आणि साक्षीदारांसमोर लग्न आणि त्याची वहीत नोंद हे आवश्यक केले, आणि १६१४च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातली कुटुंबे यांसाठी पाच वह्यांचे नमुने दिले. दोन्ही बाजू एकमेकींच्या उपासनेला चूक मानत होत्या, पण गावाने आपल्या माणसांची नावे लिहून ठेवली पाहिजेत, याबद्दल त्यांचे दुमत नव्हते.

अशा वहीचे मोल डर्बीशरमधल्या ईम या गावाच्या दफनांच्या नोंदी सांगतात. सप्टेंबर १६६५मध्ये तिथे शिंप्याकडे काम करणारा जॉर्ज व्हिकर्स प्लेगने दगावला. पुढच्या उन्हाळ्यात साथ भडकली, तेव्हा धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्याआधी तिथे असलेले थॉमस स्टॅन्ली यांनी मिळून गावाला हद्दीबाहेर न जाण्यासाठी राजी केले. त्या दोघांची धार्मिक मते जुळणारी नव्हती, हे इथे मुद्दाम सांगितले पाहिजे. चर्च बंद झाले आणि उपासना कक्लेट डेल्फ नावाच्या दरीत उघड्यावर, कुटुंबे एकमेकांपासून दूर उभी राहून होऊ लागली. दफने चर्चच्या आवारात करायची नाहीत, ज्याने त्याने आपल्या माणसाला आपल्या शेतात पुरायचे, असे ठरले. एलिझाबेथ हॅन्कॉक या बाईने ऑगस्ट १६६६मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले आपल्या हातांनी पुरली. त्याच महिन्यात मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीनही गेली. सुमारे २६० माणसे गेलेल्या त्या गावात घंटेचा, मिरवणुकीचा आणि आवारातल्या मातीचा मान मृतांच्या वाट्याला आला नाही, पण त्यांची नावे चर्चच्या नोंदींत उतरली. त्या नावांमुळेच आज आपण त्या गावाबद्दल काही बोलू शकतो.

सोळाव्या शतकापासून राज्यकारभाराची कामेही धर्मग्रामावर येत गेली. १५५५च्या कायद्याने रस्त्यांची डागडुजी त्याच्याकडे आली, १५९८ आणि १६०१च्या कायद्यांनी गरिबांचे पोषण आले. चर्चच्या ज्या खोलीत धर्मगुरूंची वस्त्रे ठेवत, त्या व्हेस्ट्रीत ग्रामस्थांची बैठक भरे, आणि कालांतराने त्या बैठकीलाच व्हेस्ट्री म्हणू लागले. यातून आलेल्या सूचना गोड नव्हत्या. १६९१च्या कायद्यानुसार परक्या गावातून आलेल्या माणसाला लेखी सूचना द्यावी लागे, आणि ती रविवारी उपासनेनंतर चर्चमध्ये वाचली गेली की त्या दिवसापासून चाळीस दिवस मोजून त्याचा वस्तीचा हक्क धरला जाई. तो आजारी पडला किंवा त्याचा रोजगार गेला तर त्याला पोसण्याची जबाबदारी गावावर येणार असल्यामुळे, ते वाचन ऐकणारे कान साशंक असत. गरिबाला अशा रीतीने भर सभेत उभे करणे निष्ठुर होते, आणि धर्मग्रामाच्या जिव्हाळ्याबद्दल लिहिताना ही बाजू झाकून चालणार नाही.

बाहेरची दुःखेही याच वाटेने गावात येत. कुठे गाव जळाले, कुठे चर्च कोसळले, की राजाच्या नावाने वर्गणीचे पत्र निघे आणि ते देशभरच्या चर्चमध्ये वाचले जाई. १६६६च्या लंडनच्या आगीनंतर दूरदूरच्या खेड्यांनी अशी वर्गणी दिली. पत्रे पुढे इतकी वाढली की लोक कंटाळले आणि गोळा झालेल्या रकमेतला मोठा वाटा खर्चातच जाऊ लागला, म्हणून १८२८मध्ये ही प्रथा बंद झाली. घंटेची भाषा मात्र वाचता न येणाऱ्यालाही समजे. अनेक गावांत मृत्यूच्या घंटेचे पुरुषासाठी तीनदा तीन आणि स्त्रीसाठी तीनदा दोन ठोके पडत, मग वयाच्या वर्षांइतके ठोके. शेतात वाकलेला माणूस ते मोजत असे, आणि गावात कोण किती वर्षांचे आहे हे ठाऊक असल्यामुळे आकडा थांबताच त्याला नाव कळत असे.

हे सारे सुटत गेले ते एकोणिसाव्या शतकात, आणि ते बरेच वेगाने. १८३४मध्ये गरिबांची व्यवस्था अनेक धर्मग्रामांच्या संयुक्त मंडळांकडे गेली. १ जुलै १८३७पासून जन्म, विवाह आणि मृत्यूंची सरकारी नोंदणी सुरू झाली. त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला, ज्याची आठवण फारशी निघत नाही, पण या विषयात माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. करांच्या, बैठकींच्या आणि इतर ऐहिक बाबींच्या सूचना उपासनेच्या वेळी मोठ्याने वाचण्यास त्याने मनाई केली आणि त्या लिहून चर्चच्या दारावर किंवा दाराजवळ लावाव्यात असे ठरवले. लग्नाची पुकार तेवढी आत राहिली. चर्चच्या दाराशी दिसणारा सूचनाफलक या व्यवस्थेचा वारसदार आहे. १८६८मध्ये चर्चसाठीचा सक्तीचा कर गेला, आणि १८९४च्या कायद्याने खेड्यांतला उरलेला नागरी कारभार निवडून दिलेल्या ग्रामपरिषदांकडे सोपवला.

सक्तीची बातमी अशी बाहेर पडली, तेव्हा चर्चपाशी सांगण्यासारखे काय उरले, या प्रश्नाला एक उत्तर डर्बी शहरातले धर्मगुरू जॉन अर्स्किन क्लार्क यांनी १८५९च्या जानेवारीत दिले. त्यांनी एक मासिक काढले. त्याची मुख्य पाने सर्वांसाठी एकदाच छापली जात, आणि प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या गावच्या मजकुराची पाने त्याला जोडायची अशी सोय होती. एवढ्याशा गावाला स्वतःचे छापील मासिक परवडले ते या युक्तीमुळे, आणि शतक संपेपर्यंत अशी मासिके सर्वत्र दिसू लागली. त्यांत बाप्तिस्मे, लग्ने, दफने आणि वर्गणी देणाऱ्यांची नावे येत, तसाच शाळेच्या सहलीचा, गायकवृंदाचा आणि हिवाळ्यात गरजूंना दिलेल्या कोळशाचाही वृत्तान्त येई. ज्यांची नावे मोठ्या वर्तमानपत्रात कधीही छापली जाणार नव्हती, त्यांना आपले नाव छापील अक्षरांत पहिल्यांदा दिसले ते अनेकदा इथेच. गावाने आता एकमेकांची खबर घ्यायची ती कायद्यासाठी नव्हे, आपखुशीने, आणि मला तरी धर्मग्रामाच्या बातमीचा हाच काळ सर्वांत उजळ वाटतो.

विसाव्या शतकाने या आपखुशीची परीक्षा घेतली. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४० मध्ये, चर्चच्या घंटा गप्प करण्यात आल्या, कारण शत्रू उतरल्याचा इशारा देण्यासाठीच त्या वाजायच्या होत्या. इजिप्तमधल्या एल अलामीनच्या विजयानंतर, १५ नोव्हेंबर १९४२ रोजी, त्या देशभर पुन्हा वाजल्या. कारभाराच्या बाजूने पाहता, १९१९ ते १९२१ या काळात धर्मग्राम परिषदा कायदेशीर झाल्या आणि चर्चच्या पैशाअडक्यात सामान्य सभासदांना, स्त्रियांनाही, अधिकृत आवाज मिळाला. पुढे खेड्यांतली उपस्थिती घटली आणि एका धर्मगुरूकडे चार, सहा, कधी त्याहून अधिक गावे आली. धर्मगुरू दर रविवारी प्रत्येक गावात पोहोचू शकत नाही, तिथे गावाची खबर सांभाळण्याचे काम वॉर्डनांवर आणि सूचनांचा कागद तयार करणाऱ्या व्यक्तीवर आले आहे.

४ मे २०२१ रोजी इंग्लंड आणि वेल्समध्ये विवाहनोंदणीची पद्धत बदलली. लग्नाचा तपशील आता सरकारी दफ्तरात संगणकावर नोंदला जातो. त्यात वडिलांबरोबर आईचेही नाव येते, जे त्याआधीच्या वह्यांत कधीच येत नव्हते, आणि ही भरपाई फार आधी व्हायला हवी होती. त्या दिवशी चर्चमधल्या विवाहाच्या वह्या बंद झाल्या आणि उरलेल्या कोऱ्या रकान्यांवर रेघा मारल्या गेल्या. पुकारीची वही तेवढी चालू आहे. लग्नाआधीच्या तीन महिन्यांत, तीन रविवारी, वधूवरांची नावे त्यांच्या धर्मग्रामासह मोठ्याने वाचली जातात, या लग्नाला कायदेशीर अडथळा कोणाला ठाऊक असल्यास त्याने तो सांगावा असे विचारले जाते, आणि पुढचा शब्द उच्चारण्याआधी वाचणारा क्षणभर थांबतो.