‘जन्मजात गुन्हेगार’ आणि गुन्हेगारांच्या वर्गवाऱ्या : पार्श्वभूमी

सिंहस्थ जवळ आला की नाशिकमध्ये सराईत, तडीपार, रेकॉर्डवरचे असे शब्द रोज कानावर पडू लागतात. एवढ्या गर्दीचा बंदोबस्त करायचा तर याद्या लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण एखाद्याने काय केले यापेक्षा तो कुठल्या प्रकारातला आहे हे आधी पाहायची सवय आपल्याकडे कशी रुजली, हे माहीत असायला हवे. या सवयीला एके काळी शरीरशास्त्राचा दाखला मिळाला होता. तो खोटा ठरून शंभराहून जास्त वर्षे झाली. सवय मात्र गेली नाही.

युरोपातला भाग अनेकांनी वाचलेला असतो, म्हणून थोडक्यात. चेहऱ्यावरून स्वभाव सांगणे आणि कवटीवरचे उंचवटे चाचपणे हे प्रकार आधीपासून होतेच. १८७६ मध्ये इटलीतल्या एका डॉक्टरने त्यांना नवे रूप दिले. कॅलाब्रियातल्या एका चोराच्या कवटीत, मागच्या बाजूला आतून त्याला एक खोलगट खाच दिसली. अशी खाच खालच्या दर्जाच्या प्राण्यांत असते, तेव्हा गुन्हेगार हा उत्क्रांतीत मागे राहिलेला माणूस, असे त्याने ठरवले. मग मोठा जबडा, पुढे आलेल्या भुवया, लांब हात, मोठे कान अशी लक्षणांची जंत्री तयार झाली. त्या जंत्रीत गोंदणही होते. नाशिकच्या पेठ-सुरगाण्याकडे गोंदण हा बाईचा मरेपर्यंत अंगावर राहणारा दागिना. ती खूण तुरुंगातल्या माणसाच्या अंगावर दिसली म्हणून रानटीपणाचा पुरावा ठरली, यावरूनच या शास्त्राची पद्धत कळते. तुरुंगाबाहेरच्या माणसांशी नीट तुलना करण्याची गरज तेव्हा फारशी कुणाला वाटली नव्हती.

पुढे या डॉक्टरच्याच गटातल्या एका वकिलाने पाच प्रकार पाडले : जन्मजात, वेडसर, सवयीचा, प्रसंगाने झालेला आणि भावनेच्या भरात गुन्हा करणारा. मूळ डॉक्टरनेही नंतर जन्मजात गुन्हेगारांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आणले. राजकीय गुन्ह्यापाशी मात्र ही वर्गवारी अडखळली. १८९० मध्ये त्याने क्रांती हे समाजाच्या निरोगी वाढीचे लक्षण आणि बंड हे रोगाचे, असा भेद केला. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टरवर गोळ्या झाडणारा विशीही न गाठलेला मुलगा यातल्या कुठल्या खान्यात बसवायचा? सरकारच्या लेखी तो खुनी होता, गावाच्या लेखी हुतात्मा. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिली, आणि त्यासाठी कुणाला त्याची कवटी मोजावी लागली नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे अनेकदा असे लिहिले जाते की इंग्रजांनी तो इटालियन सिद्धान्त उचलला आणि त्यावर गुन्हेगार जमाती कायदा, म्हणजे अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवून त्यांची नोंद ठेवणारा कायदा, बेतला. हे तारखांत बसत नाही. कायदा १८७१ चा आहे, सिद्धान्त त्यानंतर पाच वर्षांनी आला. कायद्याच्या बाजूने तेव्हा जे बोलले गेले त्यात हाडांचा, मेंदूचा विषय नव्हता. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसे पिढ्यान्‌पिढ्या गुन्हा हाच ज्यांचा जातीचा धंदा, असे लोक या देशात आहेत, असा तो युक्तिवाद होता. म्हणजे आधार जातीचा, रक्ताचा नव्हे. अभ्यासकांत यावर अजून वाद आहे. काहींच्या मते जात म्हणा की रक्त, मूल जन्मतःच गुन्हेगार ठरत असेल तर फरक उरत नाही. इतर म्हणतात की हा कायदा मुळात भटक्यांना एका जागी बसवण्याचा होता. शेतसारा न देणारा, गावोगाव फिरणारा माणूस राज्यकर्त्यांना खुपत होता, आणि इंग्लंडमध्येही भटकंतीविरुद्ध जुने कायदे होतेच.

मला दुसरी बाजू जास्त पटते, आणि त्याचे कारण त्या कायद्यातच आहे. त्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांच्या नोंदणीचा होता. मुले पळवणे वगैरे आरोपांच्या संशयावरून त्यांचीही रजिस्टरे ठेवायची होती. तिथे वंशपरंपरेचा प्रश्नच येत नाही. घर, शेत, कुटुंब यांच्या चौकटीबाहेर जगणारा तो संशयित, एवढाच धागा दोन्ही भागांना जोडतो. एकदा एखाद्या जमातीबद्दल अधिसूचना निघाली की ती जमात खरोखर गुन्हेगार आहे का, हे कुठल्याही न्यायालयाला विचारता येणार नव्हते. शास्त्रावर एवढा विश्वास असता तर न्यायालयाचे तोंड बंद करायची गरज काय होती? हा वाद नुसता तारखांचा नाही. कायदा कवटीच्या सिद्धान्तावर उभा असता तर सिद्धान्ताबरोबर कोसळायला हवा होता. प्रत्यक्षात सिद्धान्त मोडीत निघत असतानाच कायद्याचा हात लांब होत गेला.

नाशिक जिल्हा वेगळा झाला १८६९ मध्ये. आधी उत्तरेकडचे मालेगाव, बागलाण खानदेशात होते आणि दक्षिणेकडचा भाग नगरात. त्या काळात सरकारने भिल्लांबाबत दोन उलट धोरणे शेजारीशेजारी चालवली. १८२५ पासून खानदेशात भिल्लांचीच पलटण उभी केली, ज्यांना लुटारू म्हणायचे त्यांच्याच हाती बंदोबस्त दिला. आणि सिन्नरच्या बाजूला काय घडले ते पाहा. एक भिल्ल नाईक नगरच्या पोलिसांत नोकरीला होता. १८५५ मध्ये दंगलीच्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली, आणि सुटल्यावर वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी मागितली गेली. ४ ऑक्टोबर १८५७ ला नांदूर शिंगोट्याजवळ त्याच्या लोकांशी झालेल्या चकमकीत इंग्रज पोलीस अधिकारी मारला गेला. नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागऱ्याला तोही लढताना पडला. पोलीस, शिक्षा झालेला, हमीवर सुटलेला, दरोडेखोर आणि आज स्वातंत्र्यसैनिक : पाच शिक्के एकाच माणसावर, आणि त्यातला एकही त्याच्या जन्माने आलेला नाही.

१८७१ चा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. मुंबई इलाख्यात तो आला १९११ च्या नव्या कायद्याने, आणि जास्त कडक होऊन आला. नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेता येऊ लागले. ठराविक वेळी हजेरी लावायची, गाव सोडायचे तर पास घ्यायचा, रात्री घरी नसेल तर उत्तर द्यायचे. मुक्काम हलवला की तेही कळवायचे. सहा वर्षांवरचे मूल आईबापांपासून काढून औद्योगिक किंवा सुधारशाळेत ठेवण्याची तरतूद त्यात होती. त्या मुलाने काहीही केलेले नसायचे. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली, तिथल्या माणसांना गिरण्यांत कामाला लावले. तो भाग अजून ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. याच काळात, १९१८ मध्ये, कोल्हापूर संस्थानाने महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. दुसरा रस्ता होता, आणि महाराष्ट्रातच होता, हे यावरून दिसते.

१९११ च्या या कायद्यानंतर दोनच वर्षांनी इंग्लंडमधल्या एका तुरुंग डॉक्टरने सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापे प्रसिद्ध केली. सैनिक, विद्यार्थी, रुग्ण यांच्याशी तुलना करून त्याने सांगितले की गुन्हेगाराचा असा वेगळा शारीरिक नमुना अस्तित्वातच नाही. मात्र कैदी बुद्धीने आणि बांध्याने कमी असतात, आणि हे आनुवंशिक असते, असेही त्याने लिहिले. म्हणजे दार पूर्ण बंद झाले नाही. १९४९ मध्ये अमेरिकेत शरीराच्या ठेवणीवरून, १९६५ मध्ये स्कॉटलंडमध्ये काही पुरुषांत असणाऱ्या जादा वाय गुणसूत्रावरून तोच विचार परत आला. डेन्मार्कमधल्या १९७६ च्या मोठ्या अभ्यासात जादा गुणसूत्र आणि हिंसकपणा यांचा संबंध सापडला नाही.

भारतात गुन्हेगार जमातींचा १९२४ चा सुधारित कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. महाराष्ट्रात आज विमुक्त, म्हणजे या कायद्यातून सुटलेल्या, जातींच्या यादीत १४ नावे आहेत : बेरड, कैकाडी, रामोशी, वडार, बंजारा, पारधी वगैरे. जमातीची जागा सवयीने घेतली. मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा स्वतंत्र कायदा केला, तर तडीपारीची कलमे १९५१ च्या पोलीस कायद्यात आहेत. जमात काढून व्यक्ती आणली ही सुधारणाच होती. पण सराईत ठरवायचे ते मागच्या शिक्षांवरून. ज्या वस्तीवर आधीपासून नजर आहे तिथलाच माणूस जास्त वेळा पकडला जातो, आणि पकडला गेला की नोंद वाढते. पारधी वस्तीत चोरीनंतर पहिली गाडी का येते, याचे उत्तर कुणी जनुकांत शोधू नये.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमांतली जातीवर आधारित कामवाटणी रद्द केली. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातींना सराईत समजणारे उल्लेखही घटनाबाह्य ठरवले. सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांची गरज खरोखर आहे का, हे राज्यांनी तपासावे, असे त्याच निकालात म्हटले आहे.