सूज उतरली, पण पाय तयार झाला का?

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला मात्र त्यांना जाता आलं नाही. आड आला गुडघा.

आपल्या सातारा-सांगलीकडच्या तालमीत दुखापतीवर मालीश, शेक, हळदीचा लेप हे पूर्वापार चालत आलंय. सूज उतरली की गडी पुन्हा लाल मातीत. दुखायचं थांबलं म्हणजे पाय बरा झाला, असा हिशेब. आणि तो किती महागात पडतो हे दुसऱ्यांदा त्याच गुडघ्यावर पडलेल्या पोरालाच ठाऊक.

दवाखान्यातला विचारही हळूहळूच बदलला. जखमी सैनिकांना टप्प्याटप्प्याने वजन वाढवत व्यायाम देण्याची पद्धत अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांनी १९४५ साली मांडली. त्यातून ताकद परत आली. पण खुर्चीत बसून वजन उचलणारा पाय वेगळा आणि धावता धावता गर्रकन वळणारा पाय वेगळा. १९६५ मध्ये इंग्लंडच्या मायकेल फ्रीमन यांनी नेमकं यावर बोट ठेवलं: घोटा मुरगळतो तेव्हा तोल कळवणाऱ्या मज्जातंतूंनाही इजा होते. म्हणून त्यांनी डोलत्या फळीवर उभं राहण्याचा सराव दिला. खेळात लागणाऱ्या हालचालीच व्यायाम म्हणून द्यायच्या, या आजच्या फंक्शनल व्यायामाची ही मोठी पायरी.

गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या अस्थिबंधाच्या, म्हणजे एसीएलच्या, शस्त्रक्रियेनंतर एके काळी पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये असायचा. लवकर हालचाल दिली तर खेळाडू चांगला सावरतो, हे अमेरिकेतल्या शेलबोर्न आणि निट्झ या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं. पुढे एका पायावरच्या उडीची चाचणी रुळली. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे. घाईलाही लगाम हवाच: २०१६ च्या एका नॉर्वेजियन अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं तितकी पुन्हा दुखापत कमी झाली. इकडे पाचव्या महिन्यातच "स्पर्धा आहे, उतरव तिला" म्हणून फोन येतात, याची मला खरोखर चीड येते.

सांगलीत एका कबड्डीपटू मुलीचा सराव मी जवळून पाहिला. आधी दोन पायांवर बैठका, मग एका पायावर, मग शिटी वाजली की दिशा बदलायची, शेवटी समोर कोणी नसताना नुसती चढाई. उडी मोजायला फरशीवर चिकटपट्टी लावलेली. उजव्या पायाची उडी खणखणीत. डाव्यावर उतरताना गुडघा आत झुकला, अंतरही वीतभर कमी. फिजिओताईंनी वहीत आकडा लिहिला आणि म्हणाल्या, "पकडीत अजून नाही हं. पुढच्या महिन्यात परत मोजू."