किशोरवयीन मेंदू आणि इंटरनेट: तासांच्या हिशेबापलीकडे

मुलांच्या इंटरनेट वापराविषयी बोलताना आपण बहुधा तास मोजतो. पालकांची काळजी रास्तच आहे, पण तासांच्या हिशेबातून फारसे काही हाती लागत नाही. २०१९ साली एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलामुलींची माहिती तपासली, तेव्हा डिजिटल साधनांचा वापर आणि मानसिक स्वास्थ्य यांच्यातला संबंध नकारात्मक, पण अगदीच क्षीण आढळला. मुलामुलींच्या स्वास्थ्यातील फरकापैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा उलगडा त्यातून होत होता. यावरून इंटरनेट निरुपद्रवी ठरवणे मात्र घाईचे होईल, कारण सरासरीत बरेच काही झाकले जाते. रात्री जागून अनोळखी चेहऱ्यांशी स्वतःची तुलना करत बसलेली मुलगी आणि दूरच्या मैत्रिणीबरोबर गणित सोडवणारी मुलगी, दोघींचे तास एकाच रकान्यात पडतात.

वयाचाही फरक पडतो. ऑर्बेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली ब्रिटनमधील माहितीवरून दाखवले, की मुलींच्या बाबतीत ११ ते १३, मुलांच्या बाबतीत १४ ते १५ आणि पुढे दोघांच्याही बाबतीत १९ च्या सुमारास समाजमाध्यमांचा वाढलेला वापर आणि वर्षभराने घटलेले समाधान यांचा संबंध जास्त ठळक दिसतो.

या वयात मेंदूत काय चाललेले असते, हे पाहिले की याची थोडी संगती लागते. बक्षिसाने उत्तेजित होणारी मेंदूतील केंद्रे किशोरवयात विशेष संवेदनशील असतात, तर आवेगाला लगाम घालणारा, कपाळामागचा भाग पूर्ण परिपक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. या वयात समवयस्कांची पसंती हे फार मोठे बक्षीस असते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन शर्मन आणि सहकाऱ्यांनी १३ ते १८ वर्षांच्या ३२ मुलामुलींना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून छायाचित्रे दाखवली. त्यांत काही त्यांची स्वतःचीही होती. प्रत्येक छायाचित्राखाली ‘लाइक’चा आकडा होता आणि तो समवयस्कांनी दिला आहे असे मुलांना सांगितले होते; प्रत्यक्षात तो संशोधकांनीच ठरवला होता. एकच छायाचित्र जास्त लाइकसह समोर आले तर मुले त्याला लाइक देण्याची शक्यता वाढे. स्वतःच्या छायाचित्राला भरपूर लाइक दिसले, की बक्षिसाशी निगडित केंद्र अधिक सक्रिय होई. धोकादायक वर्तनाची छायाचित्रे पाहताना मात्र आत्मनियंत्रणाशी संबंधित भागांची सक्रियता घटलेली दिसली.

मित्रांच्या पसंतीची ओढ मुलांना पूर्वीही होतीच. पण ती पसंती नजरेतून, आवाजाच्या सुरातून कळायची, तिचा अर्थ लावावा लागायचा, आणि हे अर्थ लावणे हेच सामाजिक शिक्षण होते. आकड्याचा अर्थ लावावा लागत नाही. मला चिंता वाटते ती या गोष्टीची.

विचारशक्तीबाबत मी थोडा सावध आहे. बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधील प्रयोगांत, टंकलेली माहिती संगणकात जतन होणार आहे असे समजलेल्यांना ती कमी आठवली. एका प्रयोगात तर माहितीपेक्षा ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे हेच जास्त लक्षात राहिले. त्याच शोधनिबंधातला एक प्रयोग इतरांनी पुन्हा केला तेव्हा तसा निकाल मिळाला नाही, म्हणून स्मरणशक्ती खालावत चालल्याची हाकाटी करायला हा पुरावा पुरेसा नाही. तरीही नवे वाचलेले कळण्यासाठी आधीचे काही डोक्यात असावे लागते, आणि शिकण्याच्या वयात हे विसरून चालत नाही.

याल्डा उल्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक छोटा अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. सहावीतील ५१ मुले पाच दिवस फोन, टीव्ही, संगणक अशा कोणत्याही पडद्याविना निसर्गशिबिरात राहिली. चेहऱ्यांची छायाचित्रे आणि आवाज बंद केलेली दृश्ये पाहून भावना ओळखण्याच्या चाचणीत, नेहमीसारखी घरी राहिलेल्या ५४ मुलांच्या तुलनेत, त्यांची प्रगती अधिक झाली. हे पडदा नसल्याने घडले की दिवसभर एकमेकांच्या सहवासात राहिल्याने, हे या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही. मला दुसरे कारण अधिक पटते, आणि म्हणूनच मुलाने फोन किती वेळ पाहिला यापेक्षा, त्या दिवसात त्याच्यासमोर किती वेळ कोणी बसले होते, हे मला आधी विचारावेसे वाटते.