गिनेसचे नाक आणि गिनेसची चाल

इंग्रज नट सर ॲलेक गिनेस म्हटले की आज बहुतेकांना 'स्टार वॉर्स'मधला दाढीवाला ओबी-वान केनोबी आठवतो. गिनेसला ते संवाद पोरकट वाटत. पण दिग्दर्शकाच्या मिळकतीतला सव्वादोन टक्के वाटा त्याने पदरात पाडून घेतला होता, त्यामुळे पुढे त्याला पैशांची ददात कधी पडली नाही. १९७७ साली तो चित्रपट आला तेव्हा गिनेस ६३ वर्षांचा होता. ऑस्कर, रंगभूमीवरचा टोनी पुरस्कार आणि 'सर' ही पदवी, सगळे त्याआधीच मिळून गेले होते.

त्याचा जन्म २ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये झाला. आई ॲग्नेस कफ. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी. अँड्र्यू गेडिस नावाचा एक स्कॉटिश बँकर अधूनमधून 'काका' म्हणून भेटायला यायचा आणि शाळेची फी भरायचा. तोच बाप असावा, असा बहुतेकांचा कयास आहे. चौदाव्या वर्षापर्यंत आपली तीन वेगवेगळी नावे होती आणि तीसेक हॉटेले-खोल्या बदलून झाल्या होत्या, असे गिनेसने आत्मचरित्रात लिहिले आहे. नाव गाव धड नसलेला मुलगा म्हणून नट झाला, असे सोपे गणित मांडायचा मोह होतो. पण अशी मुले ढिगाने असतात आणि गिनेस एकच झाला.

शाळा संपल्यावर तो एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहायच्या नोकरीला लागला. नाटकाचे वेड असल्याने धीर करून त्याने थेट जॉन गिलगुड या नामांकित नटाला फोन लावला. गिलगुडने त्याला मार्टिटा हंट या अभिनेत्रीकडे शिकायला धाडले आणि १९३४ साली आपल्या 'हॅम्लेट'मध्ये ऑस्रिकची भूमिकाही दिली. मग ओल्ड व्हिक हे लंडनचे नाट्यगृह, १९३८ साली आधुनिक पोशाखातला हॅम्लेट आणि त्याच वर्षी मेरुला सॅलमनशी लग्न. युद्धात तो नौदलात भरती झाला. १९४३ च्या सिसिलीवरच्या चढाईत सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या एका बोटीचा ताबा त्याच्याकडे होता.

दिग्दर्शक डेव्हिड लीनच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये (१९४६) त्याने हर्बर्ट पॉकेट हा गोड स्वभावाचा तरुण रंगवला. लीनचाच 'ऑलिव्हर ट्विस्ट' (१९४८) होतोय म्हटल्यावर त्याने फेगिनची भूमिका मागितली. फेगिन म्हणजे पोरांना पाकिटमारी शिकवणारा म्हातारा ज्यू आणि गिनेस तर तेहतिशीतला, गुळगुळीत चेहऱ्याचा. लीनने उडवूनच लावले. तेव्हा गिनेस पूर्ण रंगभूषा करून चाचणीसाठी समोर उभा राहिला आणि लीनचे तोंड बंद झाले. रंगभूषा स्टुअर्ट फ्रीबॉर्नची. कादंबरीतल्या जुन्या रेखाचित्रांवरून त्याने पोपटाच्या चोचीसारखे नाक घडवले होते. तांत्रिकदृष्ट्या अफलातून, पण ज्यूंच्या नरसंहाराला जेमतेम तीन वर्षे झालेली असताना पडद्यावर आलेले ते नाक पाहून माणसे भडकणारच होती. १९४९ साली बर्लिनमध्ये निदर्शने होऊन खेळ बंद पाडले गेले. अमेरिकेत चित्रपट लागला तो थेट १९५१ साली, फेगिनच्या दृश्यांना कात्री लावून.

दरम्यान ईलिंग स्टुडिओच्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये (१९४९) त्याने एकाच खानदानातली आठ माणसे साकारली. त्यात एक बाईही होती. आधी त्याला त्यांतल्या चारच भूमिका देऊ केल्या होत्या. चारच का, आठही द्या, असे त्यानेच कळवले. आपल्याकडे डबल रोल म्हटला की जत्रेत हरवलेले भाऊ आलेच. इथे मात्र चर्चमध्ये सहा गिनेस एकाच चौकटीत बसलेले दिसतात. छायाचित्रकार डग्लस स्लोकोम्बने कॅमेरा जागेवर पक्का जखडला, भिंगासमोरचा एकेक भाग झाकत तीच फिल्म पुन्हा पुन्हा मागे फिरवून चालवली. कॅमेऱ्याला कुणाचा चुकून धक्का लागू नये म्हणून रात्री तो तिथेच झोपला.

नाक, दात, दाढी लावून माणूस बदलणारा नट ही ओळख 'द लेडीकिलर्स'पर्यंत (१९५५) टिकली. ती मोडली लीननेच. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) सिलोनमध्ये चित्रित होत असताना दोघांचे पदोपदी खटके उडत. जपान्यांच्या पत्र्याच्या कोठडीतून बाहेर आणलेला कर्नल निकलसन भर उन्हात मैदान ओलांडतो, तो प्रसंग पाहा. पाय ऐकत नाहीत आणि तरी पाठ ताठ ठेवायची आहे. गिनेसचा मुलगा मॅथ्यू अकराव्या वर्षी पोलिओने आजारी पडला होता. बरा होताना तो कसा चालायचा, ते बापाने डोळ्यांत साठवले होते. तीच ही चाल. ऑस्कर त्याला याच भूमिकेसाठी मिळाले. १९५९ साली तो 'सर' झाला.

बाहेरून काहीच न चिकटवण्याचा कळस म्हणजे बीबीसीच्या १९७९ च्या मालिकेतला गुप्तहेर जॉर्ज स्मायली. तयारीसाठी गिनेसने खरा हेर पाहायला मागितला. लेखक जॉन ले कारे यांनी ब्रिटिश गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख सर मॉरिस ओल्डफिल्ड यांच्याबरोबर जेवणाचा घाट घातला. जेवण आटोपून ओल्डफिल्ड निघाले, तसा गिनेस लगबगीने बाहेर आला आणि छत्री घेऊन जाणाऱ्या त्या माणसाची चाल पाहत फुटपाथवर उभा राहिला. मालिकेत स्मायली बहुतेक वेळ नुसता ऐकत असतो. तरी नजर त्याच्यावरून हलत नाही.

म्हणूनच 'अ पॅसेज टू इंडिया'मधले (१९८४) प्राध्यापक नारायण गोडबोले खटकतात. हा गोडबोले आपला, दख्खनी ब्राह्मण. मूळ कादंबरीचे लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास संस्थानात महाराजांचे खासगी सचिव होते. त्या मराठी दरबारातला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांच्या कादंबरीत उतरला आहे आणि त्यात गोडबोल्यांच्या मेळ्यात चक्क तुकारामांचे नाव गायले जाते. कादंबरीतला गोडबोले युरोपियनाइतका गोरा आणि निळसर-करड्या डोळ्यांचा आहे, म्हणजे कोकणस्थ घरात सहज खपून जाईल असा. लीनने मात्र गिनेसला तपकिरी रंग फासून उभे केले. व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ शेजारी असताना ते सोंग आणखीच उघडे पडते. फेगिनच्या ३६ वर्षांपूर्वीच्या नाकाचीच ही पुनरावृत्ती. भूमिकेसाठी त्याने एक नाचही बसवला होता. तो संकलनात उडाला. हे दुखणे त्याने मनाला लावून घेतले. लीनबरोबरचा हा त्याचा सहावा आणि शेवटचा चित्रपट.

पुढे 'लिटल डॉरिट'मध्ये (१९८७) तो कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगात वर्षानुवर्षे मिरवणारा विल्यम डॉरिट झाला आणि पुन्हा ऑस्करच्या नामांकनात आला. ५ ऑगस्ट २००० रोजी तो गेला. मेरुलाही त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत गेली.